एकदाच येणार आहात, म्हणूनच सांगतेय: ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई नमस्कार, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली आणि दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं वाटेना, म्हणून सविस्तर लिहितेय. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. मी लिहिलं होतं की जर्मनीतली ख्रिसमस मार्केट्स ट्रेनने बघायची असतील तर आधी मार्केट्सची यादी करू नका, आधी रेल्वेलाइन बघा, एखाद्या जंक्शनच्या शहरात मुक्काम ठोका आणि तिथून तास-सव्वा तासात पोचता येईल तेवढंच बघा. त्यावर ताई म्हणतात की हा तिथे राहणाऱ्यांचा शहाणपणा झाला, आम्ही पुण्याहून आयुष्यात एकदाच येणार, पाच जणांची तिकिटं काढून, मग आम्ही ड्रेस्डेन आणि कोलोन सोडून कुठलंतरी बांबर्ग बघत बसायचं का? शिवाय सगळी मार्केट्स शेवटी सारखीच, मग मोठीच का बघू नयेत, आणि ट्रेन लेट होतात असं सांगून मी लोकांना उगाच घाबरवते. त्यांचा प्लॅन असा आहे: १९ डिसेंबरला फ्रँकफर्टला उतरायचं, २० ला कोलोन, मग दोन रात्री बर्लिन, २३ ला ड्रेस्डेन, २४ ला न्युर्नबर्ग, २५ ला म्युनिक आणि २६ ला परत. सोबत मिस्टर, दोन मुलं आणि सासूबाई.

एकदाच येणार हा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य आहे आणि म्हणूनच मी एवढी आग्रहाने बोलतेय. आमच्यासारख्यांचं काय, एखादं मार्केट हुकलं तर पुढच्या शनिवारी जाऊ, तुम्हाला पुढचा शनिवार नाहीये.

आधी तारखा, कारण ट्रेनचं नंतर बघू पण तारखांनीच तुमचा अर्धा प्लॅन जातोय. ही मार्केट्स ख्रिसमसची असली तरी ती ख्रिसमसच्या आधीच्या चार आठवड्यांची असतात, ज्याला इथे अ‍ॅडव्हेंट म्हणतात. न्युर्नबर्गचं मार्केट पहिल्या अ‍ॅडव्हेंट रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सुरू होतं आणि २४ डिसेंबरला दुपारी दोनला बंद होतं. ड्रेस्डेन आणि म्युनिकच्या मारिएनप्लात्झचंही (तिथला मुख्य चौक) २४ च्या दुपारी आटोपतं, कोलोनची बहुतेक मार्केट्स २३ लाच संपतात. आता तुमचा प्लॅन बघा, २४ ला सकाळी ड्रेस्डेनहून निघालात तर न्युर्नबर्गला थेट आयसीई (इथली लांब पल्ल्याची जलद गाडी) नाही, लाइपझिगला गाडी बदलायची, साडेतीन-चार तास धरा, म्हणजे बॅगा घेऊन हॉटेलवर पोचेपर्यंत स्टॉलवाले आवराआवर करत असतील. आणि २५ ला म्युनिकमध्ये मारिएनप्लात्झवर स्टॉल नाहीत, दुकानं बंद, लोक आपापल्या घरी. अनंत चतुर्दशीनंतर पुण्यात गणपती बघायला यावं आणि नुसते मांडव दिसावेत, तसं होईल हो. आपल्याकडे शाळांना नाताळची सुट्टी लागते तेव्हा इथली मार्केट्स उठलेली असतात, भारतातून येणाऱ्या कितीतरी कुटुंबांचं नेमकं इथेच चुकतं आणि टूरवाले हे स्पष्ट सांगत नाहीत. तेव्हा मुलांची शाळा आठवडाभर बुडाली तरी चालेल पण डिसेंबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात या, असं मी अगदी मनापासून सांगेन.

आता ट्रेनचं. फ्रँकफर्ट ते कोलोन साधारण सव्वा तास, कोलोन ते बर्लिन साडेचार, बर्लिन ते ड्रेस्डेन दोन, तिथून न्युर्नबर्ग चार, न्युर्नबर्ग ते म्युनिक एक तास आणि थोडं वर. बेरीज तेराच्या आसपास जाते आणि हे नुसतं गाडीत बसण्याचं झालं, हॉटेल सोडणं, प्लॅटफॉर्म शोधणं, दुसऱ्या हॉटेलात चेक-इन हे सगळं वेगळं. डिसेंबरमध्ये इथे साडेचारला अंधार पडतो, मार्केट खरं खुलतं ते तेव्हापासून रात्री आठ-नऊपर्यंत, आणि तुमचे ते तास रोज नवीन हॉटेलात बॅगा उघडण्यात जाणार.

लेट होण्याबद्दल मी घाबरवत नाहीये, आकडा रेल्वेचा स्वतःचा आहे. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर झाला तर ती गाडी वेळेवरच धरतात. म्हणजे तीनातली एक गाडी लेट असं समजून चाला. एकट्या माणसाला याचं काही नाही, पण सासूबाई, दोन मुलं, चार सुटकेसेस आणि मधे आठ मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलायचा असेल तर ते फार जड जातं. स्वस्तातलं जे आगाऊ तिकीट मिळतं ना, त्याला झूगबिंडुंग असते, म्हणजे त्याच गाडीने जायचं, दुसरी चालत नाही. पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ती अट आपोआप उठते आणि तुम्ही पुढची कुठलीही गाडी पकडू शकता, तासाभराच्या वर उशीर झाला तर २५ टक्के आणि दोन तासांच्या वर ५० टक्के पैसे परत मागता येतात, हे लक्षात ठेवा. पण पैसे परत मिळाले तरी गेलेली संध्याकाळ परत येत नाही. अजून एक, दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री रेल्वेचं टाइमटेबल बदलतं, अगदी मार्केटच्या सीझनच्या मधोमध, त्यामुळे ऑक्टोबरात काढून ठेवलेल्या स्क्रीनशॉटवर अजिबात विसंबू नका.

म्हणून मी म्हणते एक शहर पकडा. तुमच्यासाठी माझ्या मते न्युर्नबर्ग. तुमच्या यादीत ते आहेच, नावाजलेलं आहे, स्टेशनपासून मुख्य चौकापर्यंत सासूबाईंना घेऊन सुद्धा पंधरा-वीस मिनिटांत चालत जाल, आणि तिथून बांबर्ग पाऊण तास, रेगेन्सबुर्ग तासभर, व्युर्झबुर्ग तासाच्या थोडं वर, आणि गाड्या बदलून रोटेनबुर्ग. इतकंच काय, म्युनिकलाही साध्या रीजनल गाडीने पावणेदोन तासांत पोचता येतं. ही सगळी गावं बायर्न राज्यातलीच, त्यामुळे एकच बायर्न-तिकीट दिवसभर चालतं, पाच जणांपर्यंत एकत्र, शहरातल्या मेट्रो-ट्रामसकट. फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी चालत नाही आणि आयसीईत चालत नाही. त्यात गाडीची अट नाही, एक चुकली तर पुढची, बॅगा हॉटेलवर, हातात फक्त पाण्याची बाटली आणि टोप्या-हातमोजे. मुलं दमली तर त्या दिवशी कुठेच जायचं नाही, तरी काही बुडत नाही.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा, जर्मनीतली पहिली वाफेची रेल्वे याच न्युर्नबर्गहून शेजारच्या फ्युर्थला धावली, ७ डिसेंबर १८३५ ला. तिच्या आडलर नावाच्या इंजिनाची प्रतिकृती तिथल्या रेल्वे म्युझियममध्ये आहे, आणि फ्युर्थला आता मेट्रोने जाता येतं.

आता ते 'सगळी सारखीच' म्हणालात त्याबद्दल, आणि हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. घाईघाईत रोज एक शहर केलं की सारखीच वाटतात, कारण आपण फक्त मधल्या चौकात जातो, एक ग्लुहवाइन, म्हणजे गरम मसालेदार वाइन, घेतो, फोटो काढतो आणि निघतो. न्युर्नबर्गला स्टॉलवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड असतं, प्लास्टिकच्या माळा लावू देत नाहीत. तिथे एका जागी उभं राहून त्स्वेचगेनमेनले बघा. वाळवलेल्या प्लमच्या बाहुल्या, तारेवर एकेक प्लम ओवून हातपाय केलेले, डोकं अक्रोडाचं, त्यावर डोळे-नाक रंगवलेलं, कुणी म्हातारी टोपली घेऊन, कुणी धुरांडं साफ करणारा शिडी घेऊन. सुरकुतलेल्या प्लममुळे हात खरोखर म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखे दिसतात. हे तुम्हाला कोलोनला दिसणार नाही. बांबर्गला जाल तर तिथे येशूजन्माचे देखावे चर्चमधून आणि चौकांतून मांडलेले असतात, लोक एकेक देखावा बघत गावभर फिरतात. रोटेनबुर्ग तटबंदीच्या आतलं आहे, मार्केट छोटं आहे पण गावच बघण्यासारखं. तिथे जाताना शेवटची गाडी श्टाइनाखला बदलायची, आणि परतीची शेवटची गाडी आधी बघून ठेवा.

ड्रेस्डेनचा हट्ट असेल तर तोही चुकीचा नाही हं, ते मार्केट १४३४ पासूनचं आहे आणि खरं स्टोलेन, म्हणजे ख्रिसमसचा सुकामेवा घातलेला केक, तिथलंच, पण मग न्युर्नबर्ग सोडा आणि ड्रेस्डेनलाच राहा. तिथून एस-बानने, म्हणजे लोकलने, माइसेन आणि पिर्ना, रीजनल गाडीने बाउत्सेन, जिथलं मार्केट १३८४ पासूनचं सांगतात. दोन्हीपैकी एक निवडा, दोन्ही अर्धे करू नका. बर्लिन आणि कोलोन मी तुमच्या जागी या वेळी सोडलं असतं, कोलोनचं मार्केट स्टेशनला लागून कॅथिड्रलच्या पायथ्याशी आहे, सुंदर आहे, पण त्या एका संध्याकाळसाठी पुढचा साडेचार तासांचा प्रवास मला पटत नाही.

तुम्ही विचारलेलं ते रेल्वेपुलाखालचं मार्केट, इन्स्टावर दिसतं ते, ते फ्रायबुर्गजवळ रावेना दरीत आहे. ते फक्त शुक्रवार ते रविवार असतं, प्रवेशाचं तिकीट आधी काढावं लागतं, आणि ट्रेन वरच्या पुलावरून जाते पण तिथे थांबत नाही, हिंटरत्सार्टेन किंवा हिमेलराइखला उतरून बसने जायचं. तुमच्या मार्गापासून खूपच बाजूला आहे.

सासूबाई शाकाहारी आहेत म्हणालात, तर कार्टोफेलपुफर, म्हणजे किसलेल्या बटाट्याचे तळलेले पॅनकेक, अ‍ॅपल सॉसबरोबर मिळतात, पण त्यात बहुतेक वेळा अंडं असतं, विचारून घ्या. भाजलेले चेस्टनट आणि साखरेत परतलेले बदाम बिनधास्त खा. मुलांना किंडरपुंश हे गरम पेय मागा, त्यात दारू नसते. कपाचं डिपॉझिट घेतात, कप परत दिला की पैसे परत, आणि रोख युरो जवळ ठेवाच.

आणि तारखा अजिबात हलणार नसतील, तर निदान क्रम उलटा करा. १९ ला फ्रँकफर्टहून थेट न्युर्नबर्ग, दोन तासांची आयसीई, २३ पर्यंत तिथेच राहून मार्केट्स बघून घ्या, मग बर्लिनला जा, तीन तासांच्या आसपास लागतात, कारण तिथली काही मार्केट्स ख्रिसमसनंतरही, वर्षअखेरपर्यंत चालतात. परतीचं तिकीट अजून काढलं नसेल तर म्युनिकऐवजी बर्लिनहून मिळतंय का बघा, आणि विमान किती वाजता उतरतं ते मला कळवा, म्हणजे पहिल्या दिवशीची गाडी कुठली धरायची ते नीट सांगते.