दारातून परत पाठवलेल्या आशाताई

आज सकाळी आमच्या बिल्डिंगमध्ये आशाताई लसीकरणाची यादी घेऊन आल्या होत्या. एका चांगल्या शिकल्यासवरलेल्या घरातून त्यांना दारातूनच परत पाठवलं. "आम्ही स्वतः रिसर्च केलाय, बाळाला लस देणार नाही." हा रिसर्च म्हणजे मोबाईलवरचे व्हिडिओ! दिवसभर डोकं तापलंय माझं.

माझ्या आजीची पहिली मुलगी घटसर्पाने गेली. तीन वर्षांची होती. घशात करडा पापुद्रा धरला, पोरीला श्वास ओढता येईना, आणि बैलगाडी जुंपून कराडला न्यायच्या आतच सगळं संपलं. पुढे आम्हा नातवंडांत कुणालाही खोकला झाला की आजी चमच्याचा दांडा जिभेवर दाबून बॅटरीच्या उजेडात घसा बघायची. कितीही ओकारी आली तरी सोडायची नाही.

आजच्या आईबापांनी घटसर्प झालेलं मूल पाहिलेलं नाही. का नाही? त्रिगुणी लसीमुळे. आता तीच पेंटाव्हॅलंटमध्ये, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीत मिळते, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, सरकारी केंद्रात फुकट.

"डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत" म्हणे. कुठली दोन मतं? लसीने ऑटिझम होतो हे खूळ 1998 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या वेकफिल्ड नावाच्या डॉक्टरच्या निबंधातून निघालं. त्यात मुलं होती 12. मग देशोदेशीच्या लोकांनी तेच पडताळून पाहिलं, तसं काही सापडलं नाही. 2010 मध्ये 'लॅन्सेट'ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डची डॉक्टरकी गेली. तरी शास्त्रज्ञ थांबले नाहीत. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली, 2019 मध्ये पुन्हा तेच उत्तर: संबंध नाही. दुसऱ्याची चूक काढली की ज्यांचं नाव होतं, अशी माणसं वर्षानुवर्षं भांडून एका जागी येतात, तेव्हा त्याला मी मानते.

औषध कंपन्या नफा बघतात, मान्य. लसीने क्वचित गंभीर त्रास होतो, तेही मान्य. पण तो शोधतं कोण? अमेरिकेत 1999 मध्ये रोटाव्हायरसची, म्हणजे बाळांच्या जुलाबांवरची एक लस बंद झाली, कारण काही बाळांचं आतडं आतड्यात अडकत होतं. हे लसींवर नजर ठेवणाऱ्यांनीच पकडलं. व्हिडिओवाल्यांनी नाही!

आणि "आमचं बाळ, आमचा निर्णय" हे तर मला सांगूच नका. गोवराचा एक रुग्ण बारा ते अठरा जणांना आजार देऊ शकतो. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला एरवी ती लस देत नाहीत, आणि लिफ्ट सगळ्यांची एकच आहे. 2022 च्या शेवटी गोवंडीत साथ आली, लेकरं दगावली. विसरलो आपण?

त्या घरातल्या आईवर माझा राग नाही. पहिलं बाळ, रात्रीची जागरणं, त्यात असले व्हिडिओ, कुणीही घाबरेल. माझी आजी शाळेची पायरी चढली नव्हती, पण माझ्या धाकट्या भावाच्या लसीला रांगेत सगळ्यात पुढे तीच. सुई टोचल्यावर तो किंचाळला, आईचा जीव कासावीस झाला, तर म्हणाली, "रडू दे. रडतंय म्हंजी श्वास चाललाय."

भीती वाटत असेल तर मनातले सगळे प्रश्न कागदावर लिहून बालरोगतज्ज्ञांकडे जा. एकटीने जायचं नसेल तर मला फोन कर गं, मी येते बरोबर. फक्त तारीख पुढे ढकलू नकोस.