‘तीन इंचांपर्यंत शाफ्टकडे बघू नका’ हा सल्ला चुकीचा आहे

ऑफ-रोड गाडी उचलण्याबद्दल एक सल्ला वर्षानुवर्षं तोंडोतोंडी फिरतो आहे. तो असा: तीन इंचांपर्यंत लिफ्ट केली, म्हणजे गाडी उचलली, तर प्रोपेलर शाफ्टला (गिअरबॉक्सकडून अ‍ॅक्सलला फिरवणाऱ्या लांब दांड्याला) काही होत नाही. थरथर आलीच तर शाफ्ट बॅलन्स करून घ्या. तरीही राहिली तर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या शाफ्टला जोर वाटून देणारी पेटी) इंचभर खाली सोडा. आणि त्यानंतरही राहिली, तर उंच गाडीचं तेवढं चालायचंच.

हाच सल्ला ऐकून मी माझी गाडी उचलली होती. सत्तरच्या पुढे गेलं की आतला आरसा थरथरायचा आणि मागच्या गाडीचे दिवे पसरट दिसायचे. काही महिन्यांनी मागचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा, कोनात वळू देणारा सांधा) उघडला, तर त्याच्या टोकांवर नीडल बेअरिंगच्या, म्हणजे आतल्या बारीक सुयांसारख्या रोलर्सच्या, रेघा उमटल्या होत्या, नख अडकेल इतक्या खोल. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट तीन इंचांची. शाफ्टची लांबी माहीत नसेल तर या आकड्याला अर्थच नाही. शाफ्ट १३० सेंटीमीटरचा असेल आणि गाडी ५ सेंटीमीटर उचलली, तर त्याचा उतार साधारण २ अंशांनी वाढतो. शाफ्ट ५० सेंटीमीटरचा असेल तर तेवढ्याच लिफ्टला तो जवळजवळ ६ अंशांनी वाढतो. जीप रँग्लर टीजेचा मागचा शाफ्ट फार आखूड, त्यामुळे तिथे थोड्या लिफ्टनेही घरघर सुरू होते. लांब पिकअपचा शाफ्ट बहुतेकदा दोन तुकड्यांचा असतो. तिथे दुखणं मधल्या सेंटर बेअरिंगपाशी निघतं, आणि गाडी सुटताना पहिल्या-दुसऱ्या गिअरला हिसके जाणवतात. म्हणजे एकाच किटने एक गाडी गुळगुळीत चालते आणि दुसरी हादरते.

आता बॅलन्सचं बघू, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. साधा क्रॉस कोनात फिरला की त्याच्या पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन ५ अंश असेल तर हा चढउतार अर्ध्या टक्क्याच्या आत असतो, १० अंशांना वर-खाली दीड-दीड टक्का आणि १५ अंशांना साडेतीन. कोन दुप्पट झाला की चढउतार जवळपास चौपट होतो. ७५ सेंटीमीटर व्यासाचा टायर आणि ४.१ चा डिफ (अ‍ॅक्सलमधला गिअर, शाफ्टच्या ४.१ फेऱ्यांना चाकाचा एक) धरा. ताशी ८० ला शाफ्ट मिनिटाला सुमारे २३०० फेरे मारतो आणि क्रॉसचे झटके सेकंदाला ७७ च्या आसपास येतात. शाफ्टचं वजन एका बाजूला जास्त असेल तर मात्र झटका फेऱ्याला एकच बसतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत. बॅलन्सिंग मशीनवर शाफ्ट सरळ रेषेत फिरतो, गाडीखालचा कोन तिथे नसतोच. त्यामुळे तिथून ‘ओके’ होऊन आलेला शाफ्ट गाडीला लावला की पुन्हा तसाच थरथरतो.

ओळखायची सोपी खूण आहे. थरथर येते त्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर दाबा, मग सोडा. दाबता-सोडताना थरथर बदलत असेल तर आधी कोनांवर संशय घ्या. काहीच फरक पडत नसेल तर टायर आणि बॅलन्स बघा. शाफ्ट खोलायचाच असेल तर सरकत्या स्प्लाइनवर (एकमेकांत सरकणाऱ्या दातेरी जोडावर) आधी दोन्ही बाजूंना खूण करा. एखाद-दुसरा दाता चुकून बसला तरी दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत आणि नवीच थरथर सुरू होते.

इथे कुणी म्हणेल, दोन्ही टोकांचे कोन सारखे ठेवले की एक क्रॉस दुसऱ्याचा चढउतार खोडून काढतो, मग काळजी कशाला? हे खरं आहे, पण अर्धंच. ट्रान्सफर केसचा आउटपुट (तिथून निघणारा दांडा) आणि डिफचा पिनियन (शाफ्ट जिथे जोडतो तो गिअरचा दांडा) समांतर असले की पिनियनला एकसारखा वेग मिळतो. मधला शाफ्ट मात्र तरीही मागे-पुढे होतच राहतो. कोन मोठे असतील तर त्याचं स्वतःचं वजनच धक्के देतं. म्हणून कोन सारखे हवेत आणि लहानही हवेत. रस्त्यावरच्या वेगाला ३ अंशांच्या आत असतील तर उत्तम. अगदी शून्यही नको, कारण मग नीडल जागच्या जागी राहतात आणि टोकांवर घर करतात.

ट्रान्सफर केसच्या टोकाला दुहेरी क्रॉस (लागोपाठ दोन क्रॉसचा सांधा) असेल तर हा हिशोब बदलतो. तिथे पिनियन समांतर न ठेवता शाफ्टच्याच दिशेने वळवायचा, रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली. जोर आला की पिनियनचं नाक वर उचललं जातं आणि तो रेषेत येतो. कित्येक जण दुहेरी क्रॉसचा महागडा शाफ्ट घालतात आणि पिनियन जुन्याच कोनात ठेवतात. मग शाफ्टलाच नावं ठेवतात, याचं वाईट वाटतं.

ट्रान्सफर केस खाली सोडली तर त्या टोकाचा कोन कमी होतो, हे मान्य. पण इंजिन-गिअरबॉक्स शेपटीकडे झुकतो, आउटपुट आणखी खाली बघतो आणि पिनियनशी असलेलं समांतरपण मोडतं. पोटाखालची जी उंची मिळवायला लिफ्ट केली, तीच थोडी परत जाते. सुझुकी सामुराईसारख्या गाडीत ट्रान्सफर केस वेगळी बसवलेली असते. तिथे गिअरबॉक्सपासून येणाऱ्या मधल्या आखूड शाफ्टचाही कोन बिघडतो.

पुढच्या अ‍ॅक्सलला आणखी एक पेच आहे. पुढचा पिनियन वर फिरवला की कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा मागचा झुकाव) कमी होतो आणि स्टिअरिंग भरकटतं. तिथे मी कॅस्टरलाच झुकतं माप देईन.

‘चालायचंच’ हे तर अजिबात मान्य नाही. ती थरथर आधी क्रॉस खाते, मग पिनियनचं सील, मग आउटपुटचं बेअरिंग. धावत्या गाडीत क्रॉस तुटून सुटलेला शाफ्ट जमिनीत रुतू शकतो.

कोन मोजायला डिजिटल अँगल गेज पुरतं. गाडी सपाट जागेवर, वजन चाकांवर. चॅसी जॅकवर उचलून अ‍ॅक्सल लोंबकळत ठेवलात तर सगळे आकडे खोटे येतील. आउटपुट, शाफ्ट आणि पिनियन यांचे तीन आकडे लिफ्टच्या आधी लिहून ठेवा आणि नंतर पुन्हा घ्या.

माझ्या गाडीत मागची उंची लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चॅसीला जोडणारी कडी) लावून वाढवली होती. शॅकलने पाट्याचं फक्त मागचं टोक चॅसीपासून खाली जातं आणि पिनियन वर वळतो. आउटपुट ३ अंश खाली बघत होता, म्हणजे पिनियन ३ अंश वर हवा होता. तो ६ अंश वर होता. पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये ३ अंशांची लोखंडी पाचर घातली, कारण अ‍ॅल्युमिनियमची चेपते. सेंटर बोल्ट लांब घेतला, यू-बोल्ट नवे घातले, क्रॉस बदलला. आरसा त्याच दिवशी स्थिर झाला. काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले आणि तिन्ही कोन परत मोजले. पिनियन अर्धा अंश सरकला होता, तेवढा मी तसाच ठेवला.