मूर्ती पुन्हा जमिनीखाली ठेवणाऱ्या बाई

कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये वीतभरही उंची नसलेला एक काशाचा देव आहे. पोसायडन, ग्रीकांचा दर्याचा देव. रोमशी व्यापार चालायचा त्या काळात समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि 1940 च्या दशकात ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडला. शाळेतल्या मुलांना मी वर्षानुवर्षं तो दाखवत आले. दरवेळी एक प्रश्न ठरलेला, "बाई, हा कुणाला सापडला?" सापडल्यावर तो सांभाळला कुणी, हे आजवर एकाही मुलानं विचारलेलं नाही. दोष मुलांचा नाही. कुदळ मारली की खजिना निघतो, एवढंच पुरातत्त्व आपण त्यांच्यापर्यंत पोचवलं.

म्हणून आज सेम्नी कारूझूंबद्दल लिहावंसं वाटलं. ग्रीसच्या पुरातत्त्व खात्यात 1921 साली रुजू झालेल्या त्या पहिल्या स्त्री. पुढं जर्मनीत शिकल्या, 1930 साली ख्रिस्तोस कारूझोस या पुरातत्त्वज्ञाशी लग्न केलं, आणि अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात चित्रित मातीच्या भांड्यांचा विभाग त्यांच्याकडं आला. (ग्रीसमधल्या आर्टेमिसिऑनजवळ समुद्रातून वर काढलेला भव्य काशाचा पुतळा देवांचा राजा झ्यूस याचा नसून पोसायडनचाच, असं मांडणारे ते हेच ख्रिस्तोस. हातातलं शस्त्र, म्हणजे झ्यूसचं वज्र की पोसायडनचा त्रिशूळ, हरवल्यामुळं तो वाद अजून मिटलेला नाही.)

भांड्यांचा अभ्यास म्हणजे नुसती डागडुजी नव्हे. इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकात अथेन्समध्ये अमासिस नावाचा कुंभार होऊन गेला. "अमासिसनं घडवलं" असं तो भांड्यावर लिहायचा. त्या भांड्यांवर चित्रं काढणाऱ्यानं मात्र कधी नाव घातलं नाही. मग त्याला ओळखायचं कसं? कान कसा वळवलाय, घोटा कसा काढलाय, वस्त्राची किनार कशी कोरलीय, हे शेकडो तुकड्यांवर डोळे रोवून पाहायचं आणि हात ओळखायचा. अशा अनामिक चित्रकारांना अभ्यासकांनी अडीच हजार वर्षांनी ओळख मिळवून दिली. या "अमासिस चित्रकारा"वर सेम्नीबाईंनी लिहिलेलं पुस्तक 1956 साली ऑक्सफर्डहून निघालं. आपली हयात दुसऱ्याचा हात ओळखण्यात घालवायची, याला मी फार मोठं काम मानते.

पण मला त्यांच्याकडं ओढून नेलं ते 1940 च्या हिवाळ्यानं.

28 ऑक्टोबरला इटलीनं ग्रीसवर हल्ला केला. बॉम्ब कधीही पडतील अशी स्थिती. सेम्नीबाईंसह संग्रहालयातल्या लोकांनी दालनांच्या फरश्या उखडल्या आणि खाली खोल चर खणले. पहाटे चंद्र मावळायच्या आत माणसं कामाला यायची आणि रात्री उशिरा घरी परतायची. संगमरवराचे अवजड पुतळे लाकडी तुळयांच्या आधारानं एकेक करून खाली उतरवले, उभेच्या उभे. वर वाळू. त्या चराचा एक फोटो आहे, जत्रेच्या गर्दीत माणसं खेटून उभी राहावीत तसे पुतळे जमिनीखाली उभे. मी तो फोटो कितीदा तरी पाहिलाय आणि दरवेळी घसा दाटतो. ज्यांनी जन्मभर मातीतून वस्तू वर काढल्या, तेच हात त्या वस्तू परत मातीत ठेवत होते.

भांडी आणि काशाच्या वस्तू पेट्यांत भरल्या, पेट्या तळघरात रचल्या आणि ते तळघर कोरड्या वाळूनं भरून टाकलं. मायसीनी या प्राचीन ग्रीक नगरीत सापडलेलं सोनं बँक ऑफ ग्रीसकडं सोपवलं. आणि नोंदवह्या! त्याही पेट्यांत घालून सुरक्षित ठेवल्या. कुठली वस्तू कुठली, हे सांगणारा कागदच हरवला तर वाचलेली मूर्तीही मुकी होते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. एप्रिल 1941 च्या मध्यापर्यंत काम आटोपलं आणि 27 तारखेला जर्मन फौजा अथेन्समध्ये शिरल्या. दालनं रिकामी होती.

त्याच वर्षी या नवरा-बायकोनं जर्मन पुरातत्त्व संस्थेचं सदस्यत्व परत केलं. ज्या देशात शिकलो, जिथले गुरू, जिथली ग्रंथालयं, त्याच्याकडं पाठ फिरवायची, तीही त्याचं सैन्य आपल्या रस्त्यावर उभं असताना. विद्वानानं राजकारणात पडू नये असं म्हणणारे आपल्याकडंही पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. आपली विद्या कुणाच्या पंगतीला बसते, याचा जाब विद्वानानं द्यायलाच हवा.

युद्धानंतर तेच चर पुन्हा उघडायचे होते. एकेक पुतळा वर काढायचा, पुसायचा, नोंदवहीशी ताडून पाहायचा आणि दालनं नव्यानं मांडायची. त्यात वर्षं गेली. 1967 च्या लष्करी राजवटीत याच बाईंना देशाबाहेर राहावं लागलं. 1994 मध्ये त्या गेल्या.

आपल्याकडं एखादा ताम्रपट सापडला की फोटो गावभर फिरतो. महिन्याभरानं तो कुठं आहे, त्याला नोंद क्रमांक पडला का, ओल लागत नाही ना, हे कोण विचारतं? आपल्या जिल्ह्याच्या संग्रहालयातल्या अभिरक्षकाचं नाव माझ्यासकट किती जणांना सांगता येईल?

पुढच्या सहलीला मी मुलांना आधी पोसायडनकडं नेणार नाही. विनंती करून बघणार आहे, त्याची नोंद असलेली वही मुलांना दाखवता येईल का.