चार खणांत न मावणारं रसायनशास्त्र

परीक्षा जवळ आली की एक ‘झटपट उजळणी’ फोनाफोनी फिरू लागते. तिचं म्हणणं असं: प्रत्येक अभिक्रिया संयोग (अनेक पदार्थांचा एक होणं), अपघटन (एकाचे अनेक होणं), विस्थापन (एका मूलद्रव्याने संयुगातल्या दुसऱ्याची जागा घेणं) आणि दुहेरी विस्थापन (दोन संयुगांनी घटकांची अदलाबदल करणं) यांपैकी एकाच प्रकारात बसते, संयोगात उष्णता बाहेर पडते आणि अपघटनात शोषली जाते, ऑक्सिजन नाही तर ऑक्सिडीकरण नाही, आणि रासायनिक बदल उलटवता येत नाही. घोकायला सोपं, पण चारही विधानं चूक.

सगळ्यात मोठा घोळ पहिल्यातच आहे. मॅग्नेशियमची फीत पेटवली की डोळे दिपतात आणि मागे पांढरी भुकटी उरते. मॅग्नेशियम आणि हवेतला ऑक्सिजन, दोन पदार्थांचा एक झाला म्हणून हा संयोग. मॅग्नेशियमने इलेक्ट्रॉन गमावले म्हणून ऑक्सिडीकरण. आणि ज्वलन तर दिसतंच आहे. तिन्ही नावं बरोबर. उलट काही अभिक्रियांना चारपैकी एकही नाव लागत नाही. मिथेन जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, ते कोणत्या खणात टाकणार? १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलरने अमोनियम सायनेटपासून युरिया मिळवला. बाहेरून काही आलं नाही, आतलं काही गेलं नाही. तेच आठ अणू निराळ्या रीतीने जोडले गेले, एवढंच.

उष्णतेच्या नियमात ‘बहुधा’ हा शब्द घातला असता तर मी गप्प बसलो असतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या संयोगातून नायट्रिक ऑक्साइड होताना उष्णता शोषली जाते. म्हणूनच हवेत तो विजेच्या लोळाजवळ तयार होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचं मात्र अपघटन होतं आणि भांडं तापतं.

ऑक्सिजनचं म्हणाल तर सोडियम क्लोरीनमध्ये पिवळ्या ज्योतीने जळतो आणि मीठ बनतं. ऑक्सिजनचा मागमूस नाही, तरी सोडियमने इलेक्ट्रॉन गमावले, म्हणजे त्याचं ऑक्सिडीकरण झालंच.

राहिलं शेवटचं. परीक्षानळीत मोरचुदाचे निळे खडे तापवा. नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमतात आणि खडे भुरके-पांढरे पडतात. नळी पूर्ण गार होऊ द्या, मग दोन थेंब पाणी सोडा: निळा रंग परत, शिवाय नळी हाताला कोमट लागते. एवढाही खटाटोप नको असेल, तर ही उजळणी ज्या फोनवर वाचली त्याची बॅटरी बघा. ती चार्ज होते ती अभिक्रिया उलटी चालवूनच.