परवानगी नव्हे, रोजची शिकवणी

‘न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकायची परवानगी दिली’ हे रानडे पती-पत्नींवरच्या लेखातलं वाक्य खटकलं. परवानगी कसली? १८७३ मध्ये वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवून ते दुसऱ्यांदा बोहल्यावर चढले. ते ३१ वर्षांचे, त्या ११ च्या. (पुनर्विवाहाचा पुरस्कर्ता असून विधवेशी लग्न केलं नाही, हा डाग राहतोच.) पण नंतर पाटी घेऊन मुळाक्षरांपासून शिकवायला ते स्वतः बसले, पुढे इंग्रजीसुद्धा. घरातल्या बायकांची बोलणी रमाबाईंनी खाल्ली ती याचपायी.

आणि तेव्हा ते ‘न्यायमूर्ती’ नव्हतेच. उच्च न्यायालयात गेले १८९३ मध्ये, तिथले न्यायाधीश काशिनाथ त्र्यंबक तेलंगांच्या निधनानंतर. म्हणजे लग्नाला वीस वर्षं होत आल्यावर. ही शिकवणी पुण्यातल्या सबजज्जाच्या (दुय्यम न्यायाधीशाच्या), नाशिक-धुळ्याला बदल्या झेलणाऱ्या माणसाच्या घरातली. त्यांची दृष्टी अधू, त्यामुळे पुढे रमाबाईच वाचून दाखवत. पहाटे अंथरुणातच तुकोबांचे अभंग म्हणायचे, हा रानड्यांचा खरा विरंगुळा. लेखात सभा-परिषदा सगळ्या आल्या, तो मात्र कुठेच नाही. रमाबाईंच्या १९१० मध्ये छापलेल्या आठवणी चाळल्या असत्या तरी सापडला असता.