मोठा टायर आणि ‘पुस्तकी गणित’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मोठा टायर लावला की इंजिन सावकाश फिरतं आणि मीटर चुकतो, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावरचा ‘पुस्तकी गणित’ हा तुमचा शेरा मान्य. पुढेही गणितच येणार आहे, पण या खेपेला आकडे माझे नाहीत, तुमचेच आहेत.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं. गाडीचे १८५/६५ आर १५ चे जुने टायर पार झिजले होते, ते काढून तुम्ही २०५/६५ आर १५ चे नवे घातले. पाचव्या गिअरमध्ये मीटरवर ८० असताना आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आधीही २,५०० होते, आताही तेवढेच आहेत. मग ‘मोठ्या टायरने इंजिन सावकाश फिरतं’ हे कुठलं? शिवाय आधी काटा ८५ वर असताना मोबाइलचा जीपीएस ८० दाखवायचा, आता दोन्ही तंतोतंत जुळतात. म्हणजे मीटर बिघडला नाही, सुधारला! वर ॲव्हरेज १८ वरून १७ वर आलं, त्याबद्दल मी लेखात अवाक्षर काढलं नाही.

आधी आरपीएमचं बघू. वेगाचा काटा वेग मोजतच नाही. तो गिअरबॉक्सचा शाफ्ट किंवा चाक किती वेळा फिरलं ते मोजतो आणि कंपनीने धरलेल्या टायरच्या घेराने गुणतो. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये दातेरी चक्रं आहेत, त्यांचं प्रमाण टायर बदलून बदलत नाही. त्यामुळे पाचव्या गिअरमध्ये मीटरवर ८० म्हणजे २,५०० आरपीएम, ही जोडी तुम्ही ट्रॅक्टरचे टायर लावलेत तरी सुटणार नाही. दोन्ही काटे एकाच घरचे, ते एकमेकांची चुगली करणार नाहीत. साक्ष बाहेरची हवी, आणि ती तुम्हीच दिली आहे. आधी जीपीएसवर ८० असताना मीटर ८५ वर होता, म्हणजे इंजिन सुमारे २,६५० ला फिरत होतं. आता जीपीएसवर ८० ला ते २,५०० ला फिरतं. खऱ्या वेगाला दीडशे फेरे कमी झाले.

(जाता जाता: ज्या मोटरसायकलींना मीटरची केबल पुढच्या चाकातून येते, त्यांचं मागचं टायर बदला. तिथे इंजिनाचे फेरे बदलतात, मीटर मात्र बदलत नाही. तिथे दोन काटे खरोखर एकमेकांविरुद्ध साक्ष देतात.)

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की ‘कुंभार्ली घाटात गाडी जरा जड वाटते, होईल सवय’. माझ्या मते तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर थोडा ‘उंच’ होतो, चाकाला मिळणारी ओढ तेवढ्याच प्रमाणात कमी होते. तिसऱ्यावर निघणारा चढ दुसऱ्यावर काढावा लागतो तो यामुळे.

आता जीपीएसचं. दुकानात बरेचदा सांगतात, ‘६५ तसंच आहे, म्हणजे उंची तीच.’ साफ चूक. १८५ ही टायरची मिलिमीटरमधली रुंदी, पण ६५ हे मिलिमीटर नाहीत, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के ते सांगतात. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिमी, २०५ चे १३३. हे वर आणि खाली दोन्हीकडे धरून, मधल्या १५ इंची रिमचे (‘आर १५’) ३८१ मिमी मिळवले की टायरचा व्यास ६२१.५ वरून ६४७.५ मिमी झाला, म्हणजे ४.२ टक्के वाढ. पण एवढ्याने तुमचा ८० चा जीपीएस ८३ च्या आसपास जायला हवा होता, ८५ ला नाही. उरलेला फरक कुठून आला यावर मी थोडा वेळ अडलो होतो. मग ‘पार झिजले होते’ हे शब्द दिसले. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिमी खोल असते. ती २ वर आली की व्यास १२ मिमीने घटतो, म्हणजे ६०९.५. तिथून ६४७.५ पर्यंत सव्वासहा टक्के. ८० चे बरोबर ८५!

‘मीटर सुधारला’ यावर मात्र मी अर्धा हरलो. ‘मोठा टायर लावला की मीटर चुकतो’ असं मी लिहिलं होतं, ते चूक. मीटर कंपनीतूनच थोडा जास्त दाखवणारा येतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतला ३९ वा नियम सांगतो की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू नये, आणि जास्त दाखवला तर वेगाच्या एक दशांश अधिक ४ किमी एवढाच. खऱ्या ८० ला काटा ८० ते ९२ मध्ये कुठेही चालतो. ती राखीव जागा तुम्ही वापरून संपवली. ‘मीटर जास्तच दाखवतो’ म्हणत एक्सप्रेसवेवर काटा १०५ वर ठेवायची सवय असेल, तर ती आता सोडा. कॅमेऱ्याला आता १०५ च दिसणार.

ॲव्हरेजबद्दल न लिहिणं ही खरी चूक, कबूल. पण तुमचं ॲव्हरेज बहुतेक घटलेलंच नाही. किलोमीटरही चाकाचे फेरे मोजूनच पडतात. झिजलेल्या टायरवर ते २ टक्के जास्त पडत होते, म्हणजे तुमचे १८ खरे १७.६५. नव्यांवर ४ टक्के कमी पडतात, म्हणजे १७ खरे १७.७. पेट्रोल तेवढंच लागतंय, मोजपट्टी बदलली. खात्री करायची तर एक्सप्रेसवेवरच्या किलोमीटरच्या पाट्यांशी ताडून बघा, पन्नास किमीला दोनेक कमी भरतील.

रुंद टायरच हवा असेल तर पुढच्या वेळी १९५/६० आर १५ बघा, व्यास ६१५. कंपन्याही हेच जपतात. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ आणि वरच्याला १८५/६५ आर १५ दिले, दोन्हींच्या व्यासात जेमतेम २ मिमीचा फरक.

आणि हो, दोन-तीन वर्षांनी तुमचा मीटर पुन्हा जीपीएसच्या पुढे पळायला लागला, तर गाडी मेकॅनिककडे नेण्याआधी टायरची नक्षी बघा.