भोंडल्याला माइक द्या, ट्रॅक नको

नवरात्र जवळ आलं की बडोद्यातल्या आम्हा मराठी बायकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर दोन तऱ्हेचे मेसेज फिरायला लागतात. एक गरब्याच्या पासांचे, दुसरे भोंडला स्पर्धांच्या नियमांचे. यंदा आलेल्या एका नियमावलीत (मंडळाचं नाव घेत नाही, सगळ्या ओळखीच्या आहेत आणि मर मर राबतात) लिहिलंय: गटात आठ ते बारा जणी, वेळ सात मिनिटं, वेशभूषेला वेगळे गुण, आणि गाण्याचा ट्रॅक पेनड्राइव्हवर आदल्या दिवशी जमा करावा.

पहिल्या तिन्हींवर माझं काही म्हणणं नाही. भांडण चौथ्याशी आहे, आणि ते जरा सविस्तर आहे. चहा घेऊन बसा.

आधी एक सांगून टाकते, म्हणजे "तुम्हाला सगळं आजीच्या काळातलंच हवं" असं कुणी म्हणायला नको. मला भोंडला स्टेजवर चालतो. शिवलेली नऊवारी चालते. माइक तर हवाच. दांडिया बाजारातल्या आजीच्या वाड्यात मुली फेर धरायच्या तेव्हा चारी बाजूंच्या भिंती आवाज परत द्यायच्या. आता आम्ही मांजलपूरला सोसायटीच्या पार्किंगमध्ये हत्तीच्या चित्राचा पाट मांडतो, पलीकडे मोठा रस्ता, रिक्षांचे हॉर्न. तिथे बिनमाइकचा गळा म्हणजे नुसता घसा फोडणं. ढोलकीबरोबर कुणी कीबोर्डवर सूर धरला तरी हत्ती काही पाटावरून उठून जात नाही. माझा विरोध नव्याला नाही, आधीच भरून ठेवलेल्या गाण्याला आहे.

कारल्याच्या वेलाचं गाणं घ्या. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं, तर कोंब येऊ दे. कोंब आला, वेल वाढू दे. मग फूल, मग कारली, मग भाजी, मग भाजी खाऊन झाली की सासऱ्याला विचार, दिराला विचार, नणंदेला विचार. हे गाणं किती लांबायचं ते कुठेही ठरलेलं नाही. ते फेर ठरवतो. मुली रंगात असल्या तर सासू अजून चार अटी घालते. आत खिरापत तयार झाल्याचा वास आला की सासऱ्याचा होकार पटकन मिळतो. एखाद्या घरी आत्याबाईही निघतात परवानगी द्यायला. मी हेच गाणं एका ट्रॅकवर ऐकलं. मध्ये बासरीचा तुकडा, आणि बी पेरल्यावर दोन कडव्यांत बाई माहेरी. सुनेचं भलं झालं म्हणा, पण गाण्याची गंमत म्हणजे ते ताटकळणंच होतं!

आणि पट्टी. याबद्दल कुणी बोलतच नाही. ट्रॅक बनतात ते कुणा तयारीच्या तरुण गायिकेच्या आवाजात, तिच्या उंच पट्टीत. आमच्यातल्या साठी-पासष्टीच्या काकू खालच्या सुरात सुंदर गातात. त्यांना ती पट्टी कशी परवडणार? मग त्या ओठ हलवतात. ज्यांना वीस-बावीस गाणी चालींसकट पाठ आहेत त्या ओठ हलवतात, आणि ज्या बाईने या गावचा भोंडला कधी पाहिलाही नसेल तिचा आवाज स्पीकरमधून येतो. याला आपण परंपरा जपणं म्हणतो.

चालींचंही तेच. माझ्या आजीची ‘अक्कण माती’ची चाल आणि माझ्या सासूबाईंची चाल वेगळी. एक घराणं कोकणातून आलेलं, एक देशावरचं, दोन्ही गायकवाडीत येऊन मुरलेली. लहानपणी यावरून दोन काकूंची चक्क भांडणं व्हायची, आणि एकाच संध्याकाळी गाणं दोनदा म्हटलं जायचं. आज आमच्या सोसायटीतल्या मुलींना एकच चाल येते, मोबाइलवरची. मुलींना नावं ठेवत नाही. नणंदेची लेक फुगडीची गाणी रीलवरूनच शिकली आणि अंगणात येऊन खेळली, याचा मला आनंदच आहे. शिकायला रेकॉर्डिंग उत्तम. गवई मौलाबक्षांची गायनशाळा सयाजीराव महाराजांनी १८८६ साली या गावात सुरू केली, मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी घडवली. गाणं कागदावर उतरवायची सवय आपल्याला तेव्हापासूनची आहे. पण स्वरलिपी समोर ठेवली तरी गायला माणूसच लागतो. ट्रॅकला तोही लागत नाही.

आता गरब्याकडे येते. आपल्या बायका नेहमी म्हणतात, गरब्याने भोंडला खाल्ला. मला हे पटत नाही. आमचा भोंडला संध्याकाळी सहाला, साडेसातपर्यंत खिरापत वाटून मोकळा. गरब्याला नऊशिवाय रंग चढत नाही, मग बारापर्यंत लाउडस्पीकरची परवानगी. एकाच पायांनी दोन्ही करता येतं, आम्ही करतोच. उलट बडोद्यात राहून गरब्याकडून आपण जे शिकायला हवं होतं ते शिकलो नाही, ही माझी तक्रार आहे.

बघा ना. गरबाही मुळात पोळीतल्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्ली) बायकांचाच. मध्ये छिद्रांचा मातीचा घट, आत दिवा, भोवती फेर, टाळ्या. एक बाई ओळ गाणार, बाकीच्या झेलणार. आपल्याकडे मध्ये पाटावरचा हत्ती, फरक एवढाच. तोच गरबा आज हजारोंच्या मैदानावर गेला. ऑक्टोपॅड आले, कीबोर्ड आले, भिंतीएवढे स्पीकर आले. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीतही गेला. यापेक्षा आधुनिक सादरीकरण कुठलं? पण बडोद्याच्या मोठ्या मैदानांवर एक गोष्ट सुटलेली नाही. गाणारा जिवंत असतो, वाजवणारे जिवंत असतात, आणि त्यांचे डोळे फेरावर असतात. इथले गरबा गायक अतुल पुरोहितांना गाताना पाहा. बे ताळीची म्हणजे दोन टाळ्यांची संथ सुरुवात, मग त्रण ताळी म्हणजे तीन टाळ्या, लय हळूहळू चढत जाते. फेराने एखादी ओळ उचलली की ती पुन्हा, पुन्हा. लोक दमलेले दिसले की जरा खाली. नऊ रात्री तेच गरबे, पण कालचा आणि आजचा सारखा नसतो. त्या मैदानावर एक दिवस पेनड्राइव्ह लावून बघा. बडोदेकर पासाचे पैसे परत मागतील.

म्हणजे तिथे सगळं सोन्याचं आहे असं नाही. पास महाग झालेत, फेरातले बहुतेक लोक आता फक्त नाचतात, गात नाहीत. स्टेज एवढं मोठं की मातेचा दिवा शोधावा लागतो. ज्यांना जुना गरबा बघायचाय त्यांनी एखाद्या रात्री शहरातल्या पोळींमध्ये चक्कर मारावी. घडियाळी पोळीत अंबामातेच्या देवळापुढे तर पुरुषच गरबा करतात, बायका बघतात. पण मैदान असो की पोळ, गरब्याने वाद्यं बदलली, गाणाऱ्याला हाकललं नाही. आपण वाद्यंही घेतली नाहीत आणि गाणाऱ्याला मात्र घरी बसवलं.

मंगळागौरीच्या ग्रुपांबद्दल माझं मन थोडं दुभंगलेलं आहे. एका रंगाच्या साड्या, ठरलेला क्रम, झिम्मा-पिंगा-किस बाई किस-लाट्या बाई लाट्या, बारशाला, डोहाळजेवणाला, साठीशांतीला बोलावणं. काहींना हे बाजारू वाटतं. मला त्यात एक मोठी गोष्ट दिसते. पूर्वी मंगळागौर जागवायची ती लग्नाला पाच वर्षं न झालेल्या सवाष्णीची. नवरा गेलेली बाई त्या रात्री स्वयंपाकघरात नाहीतर कोपऱ्यात. आज ग्रुपमध्ये तीच सगळ्यांत पुढे, कंबर खोचून सूपफुगडी घालते, आणि कुणाची काही म्हणायची छाती होत नाही. हे घरच्या मंगळागौरीने केलं नसतं, स्टेजने केलं. कार्यक्रमाचं मानधन स्वतःच्या नावावर घेणाऱ्या बायका मी पाहते, त्यांना कुणी परंपरेच्या गोष्टी सांगायला जाऊ नये.

पण त्याच ग्रुपांनी ट्रॅकवर फुगडी घालावी? फुगडीचं गाणं दोघींच्या दमावर चालतं. सून आणि आतेसासू उभ्या राहिल्या की गाणं आपोआप मंद होतं, दोघी कॉलेजच्या पोरी असल्या की सुसाट. भोवतीच्या बायका गातात त्या फिरणाऱ्या पायांकडे बघून. ट्रॅकला पाय दिसत नाहीत. गेल्या श्रावणात एका कार्यक्रमात मावशी धापा टाकत थांबल्या आणि स्पीकर एकटाच फुगडीचं गाणं म्हणत राहिला. सगळे हसले, मावशीही हसल्या. मला काही हसू आलं नाही.

कुणी म्हणेल, जात्यावरच्या ओव्यांचं काय? त्या तर रेकॉर्डिंगमुळेच वाचल्या. खरं आहे. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावोगावी बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आज त्यातल्या कितीतरी इंटरनेटवर त्या त्या बाईच्या नावगावासकट ऐकता येतात. ते काम झालं नसतं तर आपल्या हाती काहीच राहिलं नसतं. पण ओवीचं निमित्तच गेलं होतं. पिठाची गिरणी आली, जातं माळ्यावर गेलं, पहाटे दोघी समोरासमोर बसायच्या थांबल्या. तिथे जतन करणं हाच प्रामाणिक मार्ग. भोंडल्याचं तसं झालेलं नाही. आश्विनातली संध्याकाळ अजून येते, हस्त नक्षत्र अजून लागतं, बायकांना घराबाहेर येऊन तासभर आरडाओरडा करायचा असतो, आणि खिरापतीच्या बंद डब्यात काय आहे ते ओळखायची हौस तर सत्तरीतही फिटत नाही. जिवंत बाईची आठवण म्हणून भिंतीवर फोटो लावायची घाई कशाला?

शब्दांवरून दरवर्षी वाद होतो. ‘सासर द्वाड, कोंडून मारतं’ हे स्टेजवर नको, मुलींवर वाईट संस्कार होतात, असं आयोजकांतल्या काही जणींना वाटतं. गोड गोड शब्द घालून द्यायची सूचना मलाही झाली होती. मी घातले नाहीत. ज्या काळात सुनेला तोंड वर करून बोलायची सोय नव्हती, त्या काळात तिने भर अंगणात, सासूच्या देखत, देवाच्या नावाखाली हे म्हटलेलं आहे. तिचं म्हणणं आपण आता खोडायचं? ज्या मुलींना हे गाणं जुनाट वाटतं त्यांना मी एवढंच सांगते, हेही म्हणा आणि तुमचं नवंही जोडा. जोडायला कुणाची बंदी नाही, कधीच नव्हती. खिरापतीआधीचं ‘बाणा बाई बाणा’ आमच्या घरी ‘स्वदेशी बाणा’ असं म्हणतात. पणजीच्या वेळेला कुणीतरी चळवळीतला शब्द उचलून भोंडल्यात टाकला आणि तो टिकला. तेव्हा जर ट्रॅक असता तर?

तर आयोजक मैत्रिणींनो, सात मिनिटं राहू द्या. पण ज्यांना स्वतः गायचंय त्यांना गाऊ द्या, आणि त्यांच्यासाठी दोन माइक फेराच्या मध्यभागी लावा, कडेला नको. संगीत महाविद्यालयातली एखादी मुलगी ढोलकीला बोलवा, मानधन देऊन. पट्टी वयस्कर बायकांना विचारून ठरवा. सादरीकरण संपलं की पडदा पाडू नका, प्रेक्षकांतल्या बायकांना वर बोलवा आणि शेवटचं गाणं सगळ्यांनी म्हणा. गुण द्यायचेच तर नऊवारीच्या काठाला देण्यापेक्षा किती जणींनी ओळ उचलली त्याला द्या. परीक्षक खुर्चीत का बसतात हेही मला कळलेलं नाही, त्यांना फेरात घ्या.

आमचा भोंडला नवरात्रातल्या शनिवारी, पार्किंगमध्येच. समोरच्या बेन दरवर्षी येतात. गेल्या वर्षी ‘ऐलमा पैलमा’वर त्यांनी बेधडक त्रण ताळी सुरू केली, दोन फेऱ्यांत सगळ्यांचे हात तिकडेच वळले, आणि कुणाला काही खटकलं नाही. डीजेला सांगून असं फ्यूजन करवून घेतलं असतं तर पैसे गेले असते आणि ठेकाही बसला नसता. खिरापतीला लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओला चिवडा होता, तो मात्र पहिल्या झटक्यात ओळखला गेला, बडोद्यात तो लपवणार कुठे!

आणि हो, ‘श्रीकांता कमलाकांता’ला आम्ही बडोदी कडवी जोडतोय. मूळ गाण्यात करंज्या पाण्यात सोडणारा तो वेडा आता गुजरातेत राहायला आलाय. पहिलं कडवं तयार आहे:

वेड्याच्या बायकोने केला होता फाफडा,
फूटपट्टी म्हणून त्याने वहीवर आखला.

खाकऱ्याचं कडवं नणंदेच्या लेकीने केलंय, ते शनिवारी ऐकवू. सेव-उसळीपाशी मात्र दोन दिवस अडलोय. तो वेडा तिला काय समजला असेल, सुचलं तर खाली लिहा. यमक नसलं तरी चालेल, चालीत बसवायचं काम आमच्या काकू करतील.